सिकलसेल : तांबड्या पेशीचा आजार आणि नाशिकचा आदिवासी पट्टा

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. तिथे व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते, एवढाच मूळ बदल. या बदललेल्या हिमोग्लोबिनला 'हिमोग्लोबिन एस' म्हणतात. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले, तर मूल 'एसएस', म्हणजे सिकलसेलचे रुग्ण होते. एकाकडूनच मिळाले, तर ते 'एएस', म्हणजे वाहक होते. वाहक व्यक्ती सर्वसामान्य आयुष्य जगते, तिला औषधाची गरज नसते. मात्र दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते.

महाराष्ट्रात हा आजार विदर्भ, खानदेश आणि सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात आढळतो. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, बागलाण, दिंडोरी आणि इगतपुरी हे तालुके याच पट्ट्यात येतात. पेशीविज्ञानाने गेल्या काही दशकांत सर्वाधिक खोलवर उलगडलेल्या आजारांपैकी हा एक. त्यामुळे पेशीचे संशोधन आणि माणसाचे दुखणे यांचा संबंध नेमका कसा जोडला जातो, हे समजून घेण्यासाठी सिकलसेलइतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

आजाराची ओळख

१९१० मध्ये शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की प्राणवायू कमी झाला की पेशींचा आकार बदलतो. १९४९ मध्ये लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकते हे सिद्ध केले आणि सिकलसेलला 'रेणवीय आजार' म्हटले. एखाद्या आजाराचे मूळ एका विशिष्ट रेणूत दाखवता येण्याची ही पहिली वेळ होती. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये तो एका अमिनो आम्लाचा फरक शोधून काढला.

भारतात १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकल जनुक आढळले. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्येही त्याची नोंद झाली. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एस. एल. काटे, मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी या आजाराचा पाठपुरावा केला. काटे यांच्या पाहण्यांनुसार राज्यातील आदिवासींमध्ये वाहकांचे सरासरी प्रमाण सुमारे १० टक्के आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समाजांत ते २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे. विदर्भात अनुसूचित जातींमध्येही हे जनुक मोठ्या प्रमाणात आढळते.

हे जनुक टिकून राहिले ते मलेरियामुळे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले की वाहक मुलांना फाल्सिपॅरम मलेरियाच्या गंभीर आजारापासून संरक्षण मिळते. मलेरियाग्रस्त जंगलपट्ट्यात राहणाऱ्या समाजांत वाहक अधिक संख्येने जगले आणि जनुक पुढच्या पिढ्यांत गेले. भारतात ते स्वतंत्रपणे उद्भवले असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१८ मध्ये संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासातून सर्व सिकल जनुकांचे मूळ आफ्रिकेत, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीच्या एकाच बदलात असावे असे मत मांडले गेले.

पेशीच्या आत काय घडते

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. निरोगी पेशी सात ते आठ मायक्रॉन रुंद, मऊ आणि लवचिक असते. स्वतःच्या रुंदीहून अरुंद केशवाहिनीतून ती घडी पडून सहज निघून जाते. हिमोग्लोबिन एसने ऊतींना प्राणवायू दिला, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ धागे तयार करतात. असा प्रत्येक धागा चौदा पदरांचा असतो. धागे वाढले की पेशी ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकते.

हे तत्काळ घडत नाही. प्राणवायू सुटल्यावर धागे तयार होण्यापूर्वी थोडा अवधी जातो. १९७० च्या दशकात विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी या अवधीचे मोजमाप केले. पेशीतील हिमोग्लोबिनच्या संहतीत किंचित वाढ झाली तरी हा अवधी कित्येक पटींनी घटतो, असे त्यातून निघाले. पेशीला केशवाहिनी ओलांडायला साधारण एक सेकंद किंवा थोडा अधिक वेळ लागतो. अवधी त्याहून मोठा असेल, तर पेशी वाकण्यापूर्वीच फुप्फुसाकडे परतते, पुन्हा प्राणवायू घेते आणि धागे बनतच नाहीत. अवधी कमी पडला, तर पेशी वाटेतच ताठरते आणि अडकते.

रुग्णाला रोज दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांचे कारण या एका गोष्टीत आहे. शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतले हिमोग्लोबिन दाट होते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशीचा प्रवास लांबतो. ताप आला, अतिश्रम झाले की रक्तातील आम्लता वाढते आणि प्राणवायू लवकर सुटतो. म्हणूनच भरपूर पाणी पिणे, थंडीपासून जपणे, ताप अंगावर न काढणे आणि झेपेल एवढेच काम करणे ही सिकलसेलच्या उपचाराची पहिली पायरी ठरते.

पेशीचे आवरण आणि तिची ऊर्जा

आधीचे संशोधन हिमोग्लोबिनवर केंद्रित होते. पुढे लक्ष पेशीच्या आवरणाकडे वळले. पेशी वारंवार वाकून पुन्हा सरळ होते, तेव्हा आवरणाखालचे स्पेक्ट्रिन प्रथिनांचे जाळे विस्कटते. कॅल्शियम आत शिरते, त्यामुळे पोटॅशियमचा गार्डोस मार्ग उघडतो. पोटॅशियम बाहेर जाते आणि त्याच्यामागे पाणीही जाते. पेशी सुकते, हिमोग्लोबिन आणखी दाट होते आणि पुढच्या वेळी धागे अधिक लवकर बनतात. कॅल्शियमच्या या प्रवेशात पिएझो-१ या स्पर्श-दाब ओळखणाऱ्या मार्गाचा वाटा असल्याचे अलीकडचे संशोधन सांगते. पिएझो मार्गांचा शोध २०१० मध्ये लागला आणि त्याबद्दल आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

निरोगी तांबडी पेशी रक्तात येण्याच्या सुमारास आपली सर्व माइटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रे, टाकून देते. सिकलसेलच्या रुग्णांत काही पेशी ती राखून ठेवतात, असे गेल्या दशकातील अभ्यासांत आढळले. ही माइटोकॉन्ड्रिया प्राणवायू वापरतात आणि पेशीला इजा करणारे क्रियाशील रेणू तयार करतात. पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला राहायला हवा असा फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेदरेणूही बाहेर येतो. त्यामुळे रक्त गोठण्याची प्रक्रिया चाळवते आणि भक्षक पेशी या तांबड्या पेशीला लवकर गिळून टाकतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; सिकलसेलमध्ये हे आयुष्य १० ते २० दिवसांवर येते. रुग्णाचा कायमचा रक्तक्षय त्यातूनच येतो.

रक्तवाहिनीच्या भिंतीशी होणारा संघर्ष

सिकलसेलमधील असह्य वेदनेचा झटका, ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही 'क्रायसिस' म्हणतात, तो केवळ वाकड्या पेशी अडकल्याने येतो असे पूर्वी समजले जाई. आता हे चित्र अधिक भरीव झाले आहे. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, हे २००२ मध्ये दाखवले गेले. हिमोग्लोबिनमधून सुटलेला हीम रेणू प्रतिकारयंत्रणेला धोक्याचा इशारा म्हणून पोहोचतो आणि वाहिनीच्या अस्तरातील पेशी उत्तेजित होतात. त्यांच्या पृष्ठभागावर पी-सिलेक्टिनसारखे चिकट रेणू येतात. त्यांना आधी पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल चिकटतात आणि मग त्यांच्यावर तांबड्या पेशी साचत जातात.

म्हणजेच सिकलसेल जनुकाच्या दृष्टीने एका प्रथिनाचा आजार असला, तरी शरीरात तो तांबडी पेशी, पांढरी पेशी, बिंबिका आणि वाहिनीचे अस्तर या सर्वांचा मिळून दीर्घकालीन दाह आहे. हाडे, फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू आणि डोळे या सर्वांना त्याची झळ बसते. प्लीहा, म्हणजे पाणथरी, लहान वयातच निकामी होऊ लागते. त्यामुळे न्यूमोकोकस जिवाणूंचा संसर्ग बाळाचा जीव घेऊ शकतो. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून तरुण वयात चालणे अवघड होणे, ही भारतीय रुग्णांत वारंवार दिसणारी व्यथा आहे.

गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे संरक्षण

सिकलसेल असलेले बाळ पहिले काही महिने निरोगी का दिसते, याचे उत्तर १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन यांनी सुचवले. गर्भावस्थेत बाळाच्या रक्तात 'हिमोग्लोबिन एफ' असते. त्यात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असल्याने ते धाग्यांत सामील होत नाही. साधारण सहा महिन्यांत त्याची जागा बीटा साखळीचे हिमोग्लोबिन घेते आणि आजार डोके वर काढतो.

ही अदलाबदल कोण घडवून आणते, हे २००७-०८ मध्ये जनुकीय पाहण्यांतून कळले. बीसीएल-११-ए हे प्रथिन प्रौढपणी गॅमा साखळीचे जनुक बंद ठेवते. २०१३ मध्ये या प्रथिनाचे जनुक तांबड्या पेशींच्या पूर्वजांत चालू ठेवणारा नियंत्रक तुकडा सापडला. तो तुकडा निकामी केला, तर बीसीएल-११-ए इतर पेशींत आपले काम करत राहते, पण तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन एफ पुन्हा तयार होऊ लागते. आजच्या जनुक-उपचाराचा पाया हाच शोध आहे.

भारतीय रुग्णांत बहुधा आढळणाऱ्या 'अरब-भारतीय' जनुकप्रकारात हिमोग्लोबिन एफ मुळातच जास्त असते. पश्चिम भारतातील आदिवासींमध्ये अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोषही मोठ्या प्रमाणात आढळतो; त्यामुळे पेशीतील हिमोग्लोबिनची संहती कमी राहते आणि धागे बनायला अधिक अवधी लागतो. या दोन कारणांनी अनेक भारतीय रुग्णांचा आजार आफ्रिकी रुग्णांपेक्षा सौम्य असतो. पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. नागपूर परिसरातील रुग्णांत गंभीर क्रायसिस, संसर्ग आणि बालमृत्यू यांची नोंद वारंवार झाली आहे. 'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो' हा समज उपचार पुढे ढकलण्याचे कारण होता कामा नये.

नाशिकचा पट्टा

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यातील सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकूर आणि कातकरी हे इथले प्रमुख समाज. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांची हद्द गुजरातला लागते. सीमेपलीकडे गुजरातमध्ये सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००६ मध्येच सुरू झाला. सोयरीक राज्याची सीमा मानत नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या नोंदी एकमेकांना पूरक असणे महत्त्वाचे ठरते.

या भागातील जगण्याची घडी आजाराच्या वाढीला पोषक आहे. पावसाळी भातशेती आटोपली की सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या छाटणीसाठी दिंडोरी आणि निफाडकडे कामाला येतात. ऑक्टोबरचे ऊन, दिवसभराचे श्रम, अपुरे पाणी आणि त्यानंतर निफाडची कडाक्याची थंडी या सगळ्या गोष्टी पेशीला वाकण्यापूर्वी मिळणारा अवधी कमी करणाऱ्या आहेत. स्थलांतरात गोळ्या संपतात आणि आरोग्यपत्रिका घरी राहते. अंगदुखी कामाची समजून सहन केली जाते. अशा वेळी बागेत वेळेवर पाणी, सावली आणि रात्री पांघरूण मिळणे हादेखील वैद्यकीय उपचाराइतकाच खरा उपाय असतो.

नाशिक शहरात राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही इथेच आहे. एका बाजूला आश्रमशाळा चालवणारी यंत्रणा आणि दुसऱ्या बाजूला राज्यभरातील डॉक्टर घडवणारे विद्यापीठ, अशी ही जोडी आहे. आश्रमशाळेत मुले वर्षातला मोठा काळ एका ठिकाणी राहतात. तिथे तपासणी करता येते, गोळ्या नियमित देता येतात आणि वारंवार आजारी पडणारे मूल शिक्षकाच्या नजरेस लवकर येते.

उपलब्ध औषधे आणि त्यांचे अनुभव

सर्वात परिणामकारक उपायांपैकी काही अतिशय साधे आहेत. १९८६ मध्ये अमेरिकेतील चाचणीत लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने गंभीर न्यूमोकोकल संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. न्यूमोकोकसची लस, फॉलिक आम्ल आणि तापावर तातडीचा उपचार यांचीही जोड लागते.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध मूळचे कर्करोगावरचे. ते हिमोग्लोबिन एफ वाढवते, न्यूट्रोफिलची संख्या कमी करते आणि पेशींचा चिकटपणा घटवते. १९९५ मध्ये प्रौढांतील मोठ्या चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की भारतीय मुलांना किलोमागे रोज १० मिलिग्रॅम ही कमी आणि ठरावीक मात्राही लाभदायक ठरते. मात्रा कमी असली की रक्ततपासण्यांचा भार हलका होतो, त्यामुळे ग्रामीण दवाखान्यांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. २०१९ मध्ये आफ्रिकेतील चार देशांतल्या मुलांवरील अभ्यासात हायड्रॉक्सियुरियामुळे वेदना, संसर्ग, मलेरिया आणि मृत्यू हे सर्वच कमी झाल्याचे दिसले. औषध स्वस्त आहे. मात्र ते रोज घ्यावे लागते, पांढऱ्या पेशींची मधूनमधून मोजणी करावी लागते आणि गरोदरपणात ते टाळले जाते.

नव्या औषधांचा प्रवास खडतर राहिला. गार्डोस मार्ग रोखणाऱ्या सेनिकापॉकने पेशी फुटण्याचे प्रमाण घटवले, पण वेदनेचे झटके कमी केले नाहीत. पी-सिलेक्टिन अडवणाऱ्या क्रिझॅनलिझुमॅबला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत अपेक्षित लाभ न दिसल्याने युरोपने २०२३ मध्ये मान्यता काढून घेतली. हिमोग्लोबिनला प्राणवायू धरून ठेवायला लावणारे व्हॉक्सेलोटर कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतले, कारण चाचण्यांत झटके आणि मृत्यू यांबाबत चिंता निर्माण झाली. आजारात एकाच वेळी अनेक पेशी आणि अनेक मार्ग गुंतलेले असल्याने एकच दुवा तोडून तो आवरत नाही, हा या अपयशांचा धडा आहे. हायड्रॉक्सियुरिया टिकून राहिले, कारण ते एकाच वेळी अनेक ठिकाणी काम करते.

मूळ पेशी आणि जनुक-उपचार

आजार मुळापासून दूर करण्याचा जुना मार्ग म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्यासाठी सहसा ऊतिप्रकार जुळणारे भावंड लागते आणि प्रत्येक भावंडाशी जुळण्याची शक्यता २५ टक्केच असते.

ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावर आधारलेला हा जगातील पहिला मान्यताप्राप्त उपचार. रुग्णाच्या रक्तनिर्मिती करणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांतील बीसीएल-११-एचा नियंत्रक तुकडा तोडला जातो. मग रुग्णाला तीव्र केमोथेरपी देऊन मज्जा रिकामी केली जाते आणि सुधारित पेशी परत सोडल्या जातात. मान्यतेच्या वेळी, पुरेसा काळ पाठपुरावा झालेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना सलग किमान १२ महिने एकही गंभीर झटका आला नव्हता. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. किमतीखेरीज केमोथेरपीमुळे वंध्यत्वाचा धोका असतो आणि रुग्णालयात दीर्घ मुक्काम करावा लागतो.

भारतात दिल्लीच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने क्रिस्परमध्ये जनुक कापणाऱ्या कॅस-९ प्रथिनाचे स्वतःचे सुधारित रूप विकसित केले. त्यावर आधारित उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये बिरसा मुंडा यांच्या नावाने, 'बिरसा १०१' म्हणून जाहीर झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले. उद्देश हा उपचार भारतीय रुग्णांना परवडेल अशा किमतीत देण्याचा आहे. त्याची सुरक्षितता आणि परिणामकारकता मोठ्या चाचण्यांतून सिद्ध व्हावी लागेल.

तपासणी, नोंद आणि सन्मान

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागातील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून आजाराचे निर्मूलन, ही तिची उद्दिष्टे. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत निकाल देणाऱ्या चाचण्या पाड्यावरही करता येतात. जुनी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही आणि नवजात बाळात ती उपयोगी पडत नाही. म्हणून पक्के निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतील चाचण्यांनीच करावे लागते.

तपासणीची सर्वाधिक गरज तीन टप्प्यांवर असते : जन्माच्या वेळी, लग्नाआधी आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला. नवजात बाळाचे निदान झाले, तर पेनिसिलिन आणि लसीकरण प्लीहा निकामी होण्यापूर्वी सुरू करता येते. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला गर्भाच्या वारेतील ऊतीची दहा ते बारा आठवड्यांत तपासणी करण्याचा पर्याय देता येतो. निर्णय मात्र त्या जोडप्याचाच असला पाहिजे.

आरोग्यपत्रिकेवरची 'एएस' ही अक्षरे मुलीच्या लग्नाच्या आड येतात, तेव्हा लोक पुढच्या तपासणीलाच नकार देतात. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, दोष आई किंवा वडील कुणा एकाचा नसतो आणि वाहकाने पूर्ण निर्दोष जनुके असलेल्या व्यक्तीशी लग्न केल्यास मूल रुग्ण होत नाही, हे कोकणा, वारली आणि भिल्ली बोलींत, आशा कार्यकर्तीच्या तोंडून सांगितले गेले तरच तपासणीला अर्थ येतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश २१ दिव्यांगत्वांत केला आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास शिक्षणात आणि योजनांत सवलती मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा रुग्णालयापर्यंतचा प्रवास सुकर व्हायला हवा.

संशोधनाचा एकूण कल पाहता, येत्या दशकात जनुक-उपचार अधिक सुरक्षित आणि स्वस्त होण्याची शक्यता आहे. केमोथेरपीशिवाय थेट शरीरातच मूळ पेशींचे जनुक दुरुस्त करण्याचे प्रयोगही सुरू आहेत. तोवर नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातील बहुतेक रुग्णांचे आयुष्य ज्या उपायांनी वाढेल आणि सुसह्य होईल, ते आजच हाताशी आहेत : जन्मतः निदान, पेनिसिलिन, लस, अखंड पुरवठा होणारे हायड्रॉक्सियुरिया, स्थलांतरातही सोबत राहणारी नोंद, आणि वेदनेने कळवळणाऱ्या माणसावर विश्वास ठेवून त्याला वेळेवर वेदनाशामक देणारा दवाखाना. या प्रत्येक उपायामागील पेशीविज्ञान आता पुरेसे स्पष्ट आहे. हे उपाय शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचवणे हे आरोग्ययंत्रणेचे काम उरते.